ठोकळ्यातला षड्ज

गेल्या दिवाळीत आम्ही सारे नांदेडला अक्काकडे जमलो होतो. फराळ उरकून मंडळी ओसरीवर पहुडली असताना अक्काचा नातू, म्हणजे माझ्या भाचीचा मुलगा, माझ्याजवळ येऊन बसला आणि त्याने पिशवीतून एक राखाडी रंगाचा ठोकळा काढून माझ्यापुढे ठेवला. आकाराने धर्मग्रंथाच्या गुटक्याएवढा, वर एक हिरवट काच, खाली चार दिशांचे बटण आणि दोन जांभळट गुंड्या. "मामाआजोबा," तो म्हणाला, "हा उघडून यातून दोन तारा बाहेर काढून द्या. मला स्वतःला धीर होत नाही."

माझा सारा जन्म लातुरात रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करण्यात गेला. तेव्हा ठोकळा उघडण्याचे मला काही वाटले नसते. पण तारा कशासाठी, असे विचारता त्याने जे सांगितले ते ऐकून मी क्षणभर गप्प झालो. त्याचे कारण पुढे येईलच. आधी या ठोकळ्याची कुळकथा सांगतो, कारण ती मला त्या चार दिवसांत मुलाकडूनच कळली आणि मला ती मोठी गोड वाटली.

हा ठोकळा म्हणजे जपानच्या निन्टेंडो कंपनीचा गेम बॉय. तो 21 एप्रिल 1989 रोजी जपानात बाजारात आला. त्याच्या पाठीमागे गुनपेई योकोई नावाच्या गृहस्थाची बुद्धी होती. या योकोईंनी एकदा आगगाडीत एका कंटाळलेल्या प्रवाशाला खिशातल्या गणकयंत्राची बटणे उगाच दाबत वेळ काढताना पाहिले आणि त्यातून त्यांना हातात मावणाऱ्या खेळाची कल्पना सुचली, असे सांगतात. त्या कल्पनेतून 1980 साली गेम अँड वॉच हा खेळ निघाला आणि नऊ वर्षांनी गेम बॉय. योकोईंचे एक सूत्र होते. नवे, महागडे तंत्र धरायचे नाही. जे जुने होऊन मुरले आहे, स्वस्त झाले आहे, ज्याचे गुणदोष सर्वांना ठाऊक आहेत, तेच घ्यायचे आणि त्याचा वेगळ्या दिशेने उपयोग करायचा. म्हणून 1989 साली इतरांचे रंगीत पडदे निघत असतानाही त्यांनी हिरवट छटांचा चार रंगांचा पडदा ठेवला. त्यामुळे पेन्सिल सेलच्या चौकडीवर खेळ कित्येक तास चाले. आमच्या धंद्यातला जुना माणूस हे सूत्र ऐकून मान डोलावल्याशिवाय राहणार नाही. जी वस्तू मुरलेली असते ती दुरुस्तही होते.

आपल्याकडे हा खरा गेम बॉय क्वचितच पोचला. नव्वदीच्या दशकात लातूरच्या गंजगोलाईत, जिथे सोळा रस्ते येऊन मिळतात, तिथल्या खेळण्यांच्या दुकानांत त्याचे दूरचे, गरीब भाऊबंद मात्र ढिगाने मिळत. वरून विटांचे तुकडे पडायचे आणि ते खाली बेतशीर रचायचे, असा तो खेळ. पोरे त्याचा टुकटुक आवाज करून दुपारची झोप मोडीत. माझ्या दुकानात तो दुरुस्तीला आला, तर मी तो न उघडता परत करीत असे. त्या टुकटुकीत संगीत असेल हे माझ्या स्वप्नातही आले नाही.

परंतु गेम बॉयची गोष्ट निराळी. त्याच्या पोटात आवाज काढणारे चार गळे आहेत. दोन गळे चौकोनी लाटेचे, म्हणजे बासरीपेक्षा सनईच्या जातीचा कडक सूर काढणारे. तिसरा गळा असा, की त्याला बत्तीस ठिपक्यांत लाट आखून द्यावी आणि त्याने ती गावी. चौथा नुसत्या सरसरीचा. तो ताशाचे, झांजेचे काम करतो. शिवाय कानाला लावायच्या भोंग्यातून हे गळे डावीकडे, उजवीकडे वेगवेगळे ऐकू येतात. खुद्द यंत्राच्या भोंग्यातून मात्र सारा एकच गोंगाट. या यंत्राच्या ध्वनिरचनेत हिरोकाझू तानाका या संगीतकाराचा हात होता आणि त्याच्यावर गाजलेल्या टेट्रिस खेळाचे संगीतही त्यांनीच बसवले. संगीत करणारा माणूसच वाद्य घडवायला बसला, म्हणजे वस्तू खेळण्याची असली तरी तिच्यात काही तरी उतरतेच.

तरीही पहिली काही वर्षे ते खेळणेच राहिले. 1998 साली हॅम्बुर्गच्या ऑलिव्हर विटचोव या तरुणाने नॅनोलूप नावाची एक कार्ट्रिज तयार केली. खेळाऐवजी ती ठोकळ्यात घातली, की ठोकळा वाद्य बनतो. बटणांनी सुरांची आवर्तने रचायची आणि ती फिरवत ठेवायची. त्यानंतर दोनएक वर्षांत स्वीडनच्या योहान कोटलिन्स्की याने लिटल साउंड डीजे हा अधिक भारदस्त प्रोग्रॅम लिहिला. पाहता पाहता युरोप-अमेरिकेतली तरुण मुले हे ठोकळे घेऊन व्यासपीठावर चढू लागली. 2006 साली न्यू यॉर्कमध्ये ब्लिप फेस्टिव्हल नावाचा त्यांचा उत्सवही सुरू झाला. तोवर कंपनीने पुढचे ठोकळे काढले होते, रंगीत पडद्याचे, घडी होणारे. त्यातल्या एकाला तर 2003 साली कानाच्या भोंग्याची साधी खोबणही ठेवली नव्हती. पण या मंडळींना आवडला तो पहिलाच, राखाडी. त्याचा खर्ज भरदार, असे त्यांचे म्हणणे.

आणि इथेच आमच्या पोराच्या दोन तारांचा प्रश्न येतो. व्यासपीठावर मोठ्या अँप्लिफायरला ठोकळा जोडायचा, तर आवाज घ्यायचा कुठून? कानाच्या भोंग्याची खोबण आहे, तिथून घ्यावा. सगळे प्रथम तसेच करतात. पण तसे केले की सुराबरोबर एक बारीक फुसफुस आणि पडद्याच्या विजेची गुणगुण येते, आणि खर्जाचे अंग सुकते. याचे कारण साधे आहे. आतल्या मुख्य चिपमधून निघालेला आवाज आधी आवाज कमीजास्त करायच्या चाकावर येतो, तिथून एका छोट्या अँप्लिफायरच्या चिपमध्ये जातो आणि मग खोबणीत. तो छोटा अँप्लिफायर पोराच्या कानापुरता बेतलेला. त्याने दिवाणखाना भरावा अशी त्याची ऐपतच नाही. तेव्हा शहाणे लोक काय करतात, तर चाकाच्या ज्या पायांवर चिपमधून आवाज येतो तिथेच डावी, उजवी आणि जमिनीची अशी तारांची जोडणी करतात आणि ठोकळ्याच्या अंगाला भोक पाडून एक स्वतंत्र खोबण बसवतात. मधला अँप्लिफायर वगळला. आता ठोकळ्याचे चाक फिरवून त्या आवाजात काही फरक पडत नाही. आवाज कमीजास्त करायचा तो समोरच्या मिक्सरवर.

वाचकहो, हे ऐकून मी गप्प का झालो ते आता सांगतो.

1974 सालची गोष्ट. अक्का तेव्हा वीस वर्षांची होती आणि मी तिच्याहून दोन वर्षांनी लहान. नांदेडच्या आमच्या आळीत एक मास्तर पेटी शिकवीत, त्यांच्याकडे ती गाणे शिकली. परभणीच्या आकाशवाणी केंद्रावर तिची चाचणी झाली आणि एका संध्याकाळी पंधरा मिनिटांचा कार्यक्रम मिळाला. आमच्या घरात त्या आठवड्यात सण असल्यासारखे वातावरण होते. वडील अबोल. निजामाच्या राज्यात वाढलेला तो माणूस. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाने हैदराबादच्या रेडिओवरून शरणागती जाहीर केली, ती शेजाऱ्याच्या सेटवर उभ्याने ऐकली, ही त्यांची आयुष्यातली रेडिओची मोठी आठवण. त्यांनी मला बोलावून एवढेच सांगितले, "पोरीचं गाणं टेप करून ठेव."

मी कुठूनसा रिळांचा टेपरेकॉर्डर दोन दिवसांच्या बोलीवर मागून आणला. आमच्याकडे दोन बँडचा ट्रान्झिस्टर होता. त्याला कानाच्या भोंग्याची खोबण होती. मला वाटले, खोबण आहे कशासाठी? तिच्यातच तार खुपसली आणि दुसरे टोक रेकॉर्डरला दिले. अक्काने दोन भावगीते आणि एक अभंग म्हटला. वडील डोळे मिटून बसले होते. टेप भरली. रात्री ती वाजवून पाहिली तो काय, अक्काचा आवाज आहे, पण तो जणू पत्र्याच्या डब्यातून येतो आहे. खालच्या सुरांचे नुसते सांगाडे, वरच्या सुरांना चिरा, आणि सगळ्यावर एक सततची फुसफुस. वडील म्हणाले, "असू दे. कळतंय की तिचं आहे." त्या हिवाळ्यात तिचे लग्न झाले. सासरी गाण्याला मनाई कोणी केली नाही, पण वेळही कोणी दिला नाही. रेडिओवर ती पुन्हा गायली नाही.

पुढे काही महिन्यांनी मी वजिराबादेतल्या एका रेडिओ मेकॅनिककडे शिकायला बसू लागलो. त्याला मी ही हकीकत सांगितली. तो हातातले काम न थांबवता म्हणाला, "अरे, कानाच्या भोकातून घेतलास होय? गळ्यातून घ्यायचं असतंय." मग त्याने एक सेट उघडून दाखवला. त्या काळच्या ट्रान्झिस्टरात शेवटच्या टप्प्यावर जर्मेनियमच्या दोन ट्रान्झिस्टरांची जोडी आणि अंगठ्याच्या नखापेक्षा जेमतेम मोठा आउटपुट ट्रान्सफॉर्मर असे. एवढ्याशा लोखंडातून खर्ज पार होईल कसा? त्याने व्हॉल्यूम कंट्रोलच्या वरच्या पायाला एक कंडेन्सर लावला, त्यातून जाळीची तार काढली, जाळी जमिनीला डाकली आणि ते टोक गणपतीच्या मंडपात लावतात तसल्या मोठ्या अँप्लिफायरला दिले. तोच सेट, तेच केंद्र, पण तबल्याचा बायाँ खोलीत घुमू लागला. मी तिथे स्टुलावर बसून होतो आणि माझ्या मनात एकच गोष्ट होती, की हे मला चार-पाच महिने आधी कळले असते तर.

त्यानंतर लातुरात येऊन मी दुकान थाटले. शेकडो सेटांतून मी अशी तार काढून दिली. भजनी मंडळांना, हॉटेलवाल्यांना, बुधवारी बिनाका गीतमाला साऱ्या गल्लीला ऐकवण्याची हौस असलेल्यांना. त्या कामाला आमच्यात कोणी नाव दिले नव्हते. इंग्रजी मुलखातल्या ठोकळेवाल्यांनी आपल्या कामाला प्रो साउंड असे नाव दिले आहे, एवढाच फरक. असो.

कोणी म्हणेल, परक्याने केलेली वस्तू उघडून तिच्यात ढवळाढवळ करण्याची ही खोड आत्ताची. मला तसे वाटत नाही. पेटीचेच पाहा ना. हार्मोनियम 1840 च्या सुमारास पॅरिसच्या आलेक्सांद्र दबँ याने सिद्ध केली. ती टेबलाएवढी, पायाने भाता मारायची. खुर्चीवर बसून वाजवायचे वाद्य. आपल्याकडे गवई बसतो सतरंजीवर. तेव्हा त्याच शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी भाता पाठीमागे घेतला, पाय काढून टाकले आणि पेटी हाताची केली. तीच पुढे नांदेडच्या सचखंड हुजूर साहिबच्या कीर्तनापासून आमच्या आळीतल्या मास्तरांपर्यंत सर्वत्र पोचली. जालन्याकडच्या अप्पा जळगावकरांनी तर तिला थेट मैफलीच्या मानाच्या जागी नेऊन बसवले.

पण तिच्या सुरांचे काय? ते परक्या हिशेबाचे. पाश्चात्त्यांनी सोयीसाठी सप्तकाचे बारा सारखे भाग केले आणि पेटी तशीच आली. सप्तकाचे 1200 बारीक भाग कल्पिले तर पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 भागांनी चढा असतो. हे ज्यांना सहन होईना त्यांतले एक सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल. पेशाने डेप्युटी कलेक्टर, ध्यास मात्र श्रुतींचा. त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांचे सूर तारेवर मोजले, 1910 साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढले आणि क्लेमेंट्स नावाच्या सिव्हिलियन साहेबाच्या साहाय्याने लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून 1911 साली श्रुती दाखवणारी पेटी करवून घेतली. 1916 साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली, तेव्हा मोठा वाद झाला. भातखंड्यांसारख्या पंडितांना ती पटली नाही. देवलांची पेटी मागे पडली. पण मला त्या डेप्युटी कलेक्टरांविषयी फार आपुलकी वाटते. सरकारी काम आटोपून संध्याकाळी घरी तारा ताणत बसणारा माणूस! पुढे 1940 च्या मार्चपासून आकाशवाणीने गवयाच्या साथीला पेटी बंदच केली आणि ती बंदी सत्तरीच्या दशकापर्यंत टिकली. त्यामुळे आमच्या मास्तरांना परभणीला अक्काच्या साथीला बसता आले नाही. ते त्या संध्याकाळी आमच्या ओसरीवर बसून, मांडीवर बोटे चालवीत, रेडिओबरोबर साथ करीत होते. हे मात्र माझ्या टेपवर आले नाही.

तर ठोकळा उघडायचा. मुलाला धीर का होत नव्हता तेही त्याने सांगितले. जुने ठोकळे आता मिळेनासे झाले आहेत. ते जसेच्या तसे जपावेत, त्यांच्या अंगाला भोक पाडणे म्हणजे पाप, असे मानणारे संग्राहक एकीकडे. आणि वाजवणार नसाल तर जपून काय करायचे, असे म्हणणारे दुसरीकडे. मुलाने हा ठोकळा पुण्यात शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून घेतला होता. भोक पडले की पडले. मला दोन्ही बाजू कळतात. संग्राहकांचे म्हणणे खोटे नाही. पण मी आयुष्यभर भोके पाडत आलेला माणूस. मला विचारून काय उपयोग!

पाठीमागचे स्क्रू तीन पाकळ्यांचे. साधा पेचकस चालत नाही; मुलाने तो आणलाच होता. ठोकळ्याचे दोन अर्धे भाग एका पातळ रुंद पट्टीने जोडलेले असतात, ती ओढली तर तुटते. ती हळूच सोडवली. चाकाचे पाय शोधले. माझा हात आता पूर्वीसारखा स्थिर राहत नाही, म्हणून मनगट उशीवर टेकले. डाक जास्त वेळ तापली तर तांब्याची पट्टीच उखडते, तेव्हा एकेका पायाला श्वास रोखून दोन मोजेपर्यंतच आयर्न टेकवायचा. डावी, उजवी, जमीन. मग बारीक ड्रिलने अंगाला भोक. मुलाने तोंड फिरवले होते. अक्का माजघरातून डोकावून म्हणाली, "काय करायलास रे त्या पोराच्या खेळण्याचं?"

सांधून, सेल घालून ठोकळा अँप्लिफायरला जोडला. आधी मुलाने मुद्दाम कानाच्या खोबणीतून वाजवला. फुसफुस. तीच. पन्नास वर्षांपूर्वीची माझी ओळखीची फुसफुस, तोच पत्र्याचा डबा. मग नव्या खोबणीत तार घातली. खर्ज सतरंजीतून चढून गुडघ्यांना लागला. मुलगा हसला, मी उठून अंगणात जाऊन आलो.

परत येतो तो अक्का ठोकळ्यासमोर मांडी घालून बसलेली. "षड्ज कुठला धरलाय?" तिने विचारले. मुलाने काळी एक धरली होती. त्याने स्वतः एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला होता, त्यात तो सारेगम एकेक लावू लागला. गंधारावर अक्काने हात वर केला. "चढा आहे."

मुलगा म्हणाला, "आजी, हा पेटीचा गंधार आहे."

"म्हणून तर चढा आहे. उतरव."

आता या यंत्रातली गंमत अशी, की त्याच्या सुरांना पायऱ्या आहेत. 131072 या आकड्याला एका पूर्ण संख्येने भागावे म्हणजे सेकंदाला कंपने किती ते मिळते. मधल्या कंपनांचा सूर त्याला लागतच नाही. काळी एकच्या मध्य षड्जाला भाजक 473. खालच्या सुरांना भाजक मोठा, म्हणून पायऱ्या बारीक. वर जावे तसा भाजक लहान आणि पायऱ्या उंच. मुलाने मध्य गंधाराचा भाजक 375 होता तो 376 केला. "अजून," अक्का म्हणाली. 377. "अजून थोडा." 378 ला ती थांबली आणि तिने डोळे मिटून गंधार लावला. तिचा आवाज आता कापतो; पण ठोकळ्याचा गंधार आणि तिचा गंधार एकमेकांत मिसळले ते मी ऐकले. मी नंतर कागदावर हिशेब केला. देवलांच्या मापाने त्या ठिकाणी जो गंधार हवा, त्याहून तो दोन भागांपेक्षा कमीच चुकत होता.

मग तिला हौस आली. "वरचा लाव, त्याच्याही वरचा." दोन सप्तके वर गेल्यावर भाजक 94 वर आला. "चढा." मुलाने 95 केला. "आता उतरला." 94. "चढा." 95. "अरे, मधला लाव की!"

"मधला नाही, आजी. इथे एवढीच पायरी आहे."

"मग तिथे जाऊ नये त्यानं," अक्का म्हणाली. "खाली गा म्हणावं."

रात्री सगळे निजल्यावर मी लातूरहून सोबत आणलेले रीळ पिशवीतून काढले. 1993 च्या 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने दुकानातले कपाट हलले, त्यातून खाली पडूनही ते वाचले होते. मुलगा म्हणाला, संगणकावर फुसफुस थोडी कमी करता येईल, पण जो खर्ज टेपवर आलाच नाही तो कुठून आणणार? मी म्हटले, मला ठाऊक आहे. त्याने ते रीळ पुण्याला नेले आहे. जाताना ठोकळ्याच्या अंगचे भोक त्याने बोटाने चाचपून पाहिले आणि मला विचारले, जाळीची तार तुमच्याकडे अजून आहे का. वीतभर होती, ती दिली.